चीनच्या भिंतीवर पाच दिवस : चौदा जणांच्या गटासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले चौदा जण, वय २६ ते ६३. राजगड–तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झालेले. दोघातिघांचे गुडघे कुरकुरतात, पाच जण शाकाहारी आणि त्यातली एक जैन. चीनच्या भिंतीवरून पाच दिवस सलग चालायचं, सॅक पाठीवर, मुक्काम रोज वेगळ्या बुरुजात. दिवाळीच्या सुट्टीत जमेल का, आणि सह्याद्रीच्या मानाने किती अवघड?

जमेल. पण ‘सलग’ आणि ‘बुरुजात मुक्काम’ या दोन गोष्टी आधी डोक्यातून काढा. बाकीचा बेत चांगला आहे.

आपल्या मनात भिंतीचं चित्र एका अखंड रेघेचं असतं. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यांची आहे आणि पूर्वीही तशीच होती. २०१२ साली चीन सरकारने जाहीर केलेला २१,१९६ किलोमीटरचा आकडा सगळ्या राजवटींच्या सगळ्या भिंतींची बेरीज आहे. आपण फोटोत बघतो ती विटांची, बुरुजांची भिंत मिंग घराण्याच्या काळातली, म्हणजे १३६८ ते १६४४ मधली. तिची लांबी सुमारे ८,८५० किलोमीटर सांगतात. त्यातलं प्रत्यक्ष बांधकाम साधारण ६,२६० किलोमीटर, खंदक ३६० किलोमीटर आणि उरलेले २,२३० किलोमीटर म्हणजे नुसते कडे, डोंगरधारा आणि नद्या. जिथे कडा पुरेसा होता तिथे मिंगांनी वीट वाया घालवली नाही. आपल्याकडे तेच केलंय. राजगडाच्या बालेकिल्ल्याला कातळ आहे तिथे तट कशाला?

त्यामुळे ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत’ असा हिशेब तिथे लागू होत नाही. एका भागावर तिकीट काढून चढायचं, पुढे भिंत ढासळलेली किंवा बंद असते, तिथे खाली गावात उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या भागावर पुन्हा चढायचं. पाच दिवसांचा ट्रेक असाच आखावा लागतो. एकदा हे मान्य केलं की मोठ्या सॅकचा प्रश्नही सुटतो. रोज संध्याकाळी गावात येणार असाल तर तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह काहीच नको. मोठं सामान मिनीबसमध्ये राहील, पाठीवर वीस-पंचवीस लिटरची छोटी सॅक.

बुरुजातल्या मुक्कामाबद्दल. पूर्वी असे मुक्काम सर्रास व्हायचे, त्यांचे फोटो अजून फिरतात आणि लोकांना मोह होतो. पण २००६ च्या डिसेंबरपासून भिंतीच्या संरक्षणाचे देशपातळीवरचे नियम लागू आहेत. पर्यटनासाठी खुल्या न केलेल्या भागांवर गटाचे कार्यक्रम करायला त्यांत मनाई आहे. एकटादुकटा गावकऱ्यांच्या ओळखीने कुठे जातो हा त्याचा प्रश्न. व्हिसावर आलेल्या चौदा परदेशी माणसांनी रात्री बुरुजात चूल पेटवणं हा वेगळा मामला आहे. शिवाय त्या बुरुजांच्या कमानी साडेचारशे वर्षं जुन्या विटांच्या, काही ठिकाणी केवळ सवयीने उभ्या आहेत. २०२३ मध्ये शान्शी प्रांतातल्या यौयू तालुक्यात दोघांनी जवळची वाट हवी म्हणून एक्स्कव्हेटरने भिंतीतली एक खिंड रुंद केली आणि पकडले गेले. तेव्हापासून तर या विषयावर कुणी हसून सोडून देत नाही.

याच कारणासाठी ज्यांकौ नावाचा भाग तुमच्या यादीत असेल तर काढा. इन्स्टाग्रामवर पांढऱ्या कातळाच्या धारेवर सुळक्यांमधून गेलेली जी भिंत दिसते, ती हीच. ‘गरुडही उताणा होऊन उडतो’ अशा अर्थाच्या नावाची एक जागा तिथे आहे, आणि नाव अतिशयोक्तीचं नाही. चढ इतका उभा की पायऱ्या धरून चढायचं; त्या पायऱ्या सुटलेल्या, खाली घसारा, दोन्ही बाजूंना दृष्टीभय, म्हणजे खाली बघून डोळे फिरावेत अशी खोली. रॉक पॅचची सवय असलेले तुमच्यातले तिघे-चौघे सहज जातील, पण उरलेल्या दहांना तुम्ही कसं उतरवणार? रोप लावायचा तर अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, कशाला घेणार, मिंगांच्या विटेला? अपघातांमुळे तिथे पाट्या आणि पहारे दोन्ही आहेत. काही भागाची डागडुजी झाली आहे, पण त्याने तो भाग पर्यटनासाठी खुला झाला असं होत नाही. ज्यांकौ बघायचंच असेल तर शेजारच्या मुतियान्यू भागाच्या शेवटच्या बुरुजावरून बघा. समोरची धार दिसते, फोटोही चांगला येतो.

मी चौदा जणांचा गट घेऊन कसा जाईन ते सांगतो.

पहिला दिवस मुतियान्यू. बीजिंगच्या उत्तरेला साधारण सत्तर किलोमीटर. पूर्ण दुरुस्त केलेला, गर्दीचा, रोपवे असलेला भाग आहे हा. ट्रेकर मंडळी नाक मुरडतात. मुरडू द्या. पहिल्या दिवशी मला गटाची चाल बघायची असते आणि त्यासाठी याहून चांगली जागा नाही. बुरुजांना क्रमांक आहेत. चौदाव्या बुरुजाजवळ रोपवे आणि सहाव्याजवळ खुर्च्यांचा पाळणा येतो, म्हणजे कुणाचा गुडघा बोलायला लागला तर त्याला सन्मानाने खाली पाठवता येतं. पायी चढा, पश्चिमेला विसाव्या बुरुजापर्यंतचा खडा जिना चढून या, मग परत. संध्याकाळी तुम्हाला न विचारता कळलेलं असेल की कोण पुढे पळतं, कोण पाणी पीत नाही आणि कोण ‘मी ठीक आहे’ असं खोटं बोलतं.

आता गुडघ्यांबद्दल, कारण तुमच्या ‘किती अवघड’चं खरं उत्तर इथे आहे. उंचीचा प्रश्नच नाही. चौथ्या दिवशीच्या जिनशानलिंग भागाचा माथा सातशे मीटरच्या आसपास, पाचव्या दिवशीच्या सिमाताईचा सगळ्यात उंच बुरूज ९८६ मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तेव्हा दम लागून कुणी मागे राहणार नाही. पण सह्याद्रीत आपण एकदा चढतो, माथ्यावर फिरतो आणि एकदा उतरतो. इथली भिंत धारेला चिकटून जाते. धारेवर जितके उंचवटे, तितके चढ आणि तितकेच उतार, दिवसातून तीस-चाळीस वेळा. वळसा घेण्याची सोय नाही, कारण भिंत वळसा घेत नाही. पायऱ्यांची उंचीही एकसारखी नाही. एक बोटभर, पुढची गुडघ्याएवढी, मग तीन पायऱ्या चवड्याइतक्या अरुंद. शरीराला लय सापडत नाही आणि लय नसली की उतरताना प्रत्येक पायरीचा हिशेब गुडघा चुकता करतो. काही ठिकाणी तर पायऱ्याच नाहीत, विटांचा गुळगुळीत उतार आहे. कोरडा असला तर ठीक. पाऊस किंवा दंव पडलं की तिथे बसून उतरण्यात कमीपणा मानू नका.

म्हणून तयारी उतरण्याची करा. निघण्याआधी दोन महिने, आठवड्यातून तीनदा पर्वती. चढून नाही, उतरून. १०३ पायऱ्या, पाठीवर पाच किलो, सावकाश, पाय आपटू न देता, आणि अशा आठ-दहा फेऱ्या. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पण वर भजी खाऊन जीपने खाली यायचं नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत एकदा कात्रज–सिंहगड करा. त्या टेकड्यांची एकामागून एक चढउतार भिंतीच्या सगळ्यात जवळची आहे. तो ट्रेक दिवसा, फार ओरड न करता पूर्ण केला त्याला चीनमध्ये अडचण येणार नाही. ज्यांना जमला नाही त्यांनी जिनशानलिंगला रोपवेने वर यायचं आणि मधले दोन तास चालायचं. त्रेसष्ट वर्षांच्या काकांना हे आत्ताच, पुण्यात सांगा. तिथे भिंतीवर सगळ्यांसमोर सांगितलं की ते ऐकणार नाहीत.

काठ्या घ्याच, पण टोकांना रबरी टोपण हवं. लोखंडी टोक विटेवर घसरतं आणि वीटही खातं. बूट घोट्यापर्यंतचेच हवेत असा आग्रह नाही. ओल्या कातळावर पकड घेणारा, वापरून रुळलेला कुठलाही बूट चालेल. नवे बूट विमानात घालून येणारा एक जण प्रत्येक गटात असतो, त्याला शोधून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुबेइकौला जा. बीजिंगपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जेवून दुपारनंतर गावातच फिरा. या गावासाठी अर्धा दिवस राखून ठेवायला मी नेहमी सांगतो, कारण पुढचे तीन दिवस तुम्ही ज्यावर चालणार ती भिंत इथे का आहे, हे इथेच समजतं. मंगोल पठारावरून बीजिंगच्या मैदानात उतरणारी ही खिंड. घाटमाथ्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. नाणेघाटाला जीवधन का, हे ज्याने बघितलंय त्याला गुबेइकौ बघताक्षणी कळतं. १५५० मध्ये मंगोल सरदार अल्तान खान इथूनच आत घुसला आणि थेट बीजिंगच्या वेशीपर्यंत जाळपोळ करत गेला. त्या धक्क्यानंतर १५६८ मध्ये छी जीग्वांग या सेनापतीला उत्तरेला आणलं. हा आधी दक्षिणेच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढलेला माणूस. त्याने बघितलं की भिंतीवरचे पहारेकरी उघड्यावर, थंडीवाऱ्यात, दारूगोळा भिजलेला, अशा अवस्थेत आहेत. मग त्याने पोकळ बुरुजांची कल्पना राबवली. आत तीस-चाळीस माणसं राहतील, धान्य आणि बारूद कोरडं राहील, खिडक्यांतून मारा करता येईल आणि छपरावरून इशारा देता येईल. असे हजारावर बुरूज त्याच्या अमलाखालच्या टप्प्यात उभे राहिले. तुम्ही दर पाच-दहा मिनिटांनी ज्या बुरुजाच्या सावलीत बसणार आहात, तो यातलाच.

आणि तरी १६४४ मध्ये मांचू सैन्य आलं ते भिंत फोडून नाही. पूर्वेला शान्हाइग्वानचा दरवाजा मिंगांच्याच सेनापतीने, वू सान्ग्वेइने, त्यांना उघडून दिला. आपल्या गडांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये.

गुबेइकौच्या भिंतीवर अलीकडच्या जखमाही आहेत. १९३३ च्या वसंतात जपानी सैन्याशी इथे मोठी लढाई झाली. बुरुजांच्या विटांवर गोळ्यांचे खड्डे दिसतात. गाइड दाखवेल, पण बोट घालून बघण्यापेक्षा नुसतं बघा, विटा सुटतात.

तिसरा दिवस या ट्रेकचा गाभा : गुबेइकौहून पानलोंगशान धारेने जिनशानलिंगकडे. बाराएक किलोमीटर, गटाला सहा ते सात तास. सकाळी सातला निघा. हा भाग दुरुस्त केलेला नाही. फांजीवर, म्हणजे भिंतीवरच्या चालायच्या वाटेवर, गवत आणि झुडपं उगवली आहेत, चर्या, म्हणजे कठड्याचे दाते, बऱ्याच ठिकाणी पडल्या आहेत, विटांचं आवरण निघून आतला दगडमातीचा भराव उघडा आहे. मिंगांच्या भिंतीच्या बाजूला काही ठिकाणी सहाव्या शतकातल्या उत्तर छी राजवटीच्या भिंतीचे दगडी अवशेष दिसतात. म्हणजे मिंगांच्या आधी हजार वर्षं कुणीतरी हाच विचार, याच धारेवर केला होता. तुमच्यातल्या गडवेड्या मंडळींना हा दिवस सगळ्यात आवडेल आणि हौशींना सगळ्यात कमी. ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुपारी तक्रार होत नाही.

इथे चालण्याचा एक नियम : पायवाट भिंतीवरून असेल तिथे मधोमध, भिंतीच्या बगलेतून असेल तिथे बगलेतून. कडेच्या विटेवर पाय द्यायचा नाही आणि ढासळलेल्या बुरुजात शिरायचं नाही. वाट बहुतेक ठिकाणी बाहेरून वळसा घेते. चोवीस खिडक्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला बुरूज एका अंगाने कोसळलेला आहे. साधारण तिथवर भिंतीने जाता येतं. त्यापुढे लष्करी हद्द लागते आणि भिंत सोडून खाली उतरावं लागतं. मग दीड-दोन तास शेतं, मक्याचे तुकडे, झाडी अशी वाट, आणि पुन्हा जिनशानलिंगच्या पश्चिम टोकाला चढण. या उतरण्याच्या जागी गट चुकतात, कारण भिंत समोर सरळ दिसत असते आणि ‘अजून थोडं पुढे जाऊन बघू’ असं कुणीतरी म्हणतंच. बघायचं नाही. कॅमेरेही सॅकमध्ये. ड्रोन तर पुण्यातच ठेवून या.

या टप्प्यावर स्थानिक वाटाड्या हवाच. डागडुजीसाठी किंवा वणव्याच्या भीतीने हा भाग मधूनमधून बंद करतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. बंद असेल तर वाद न घालता गाडीने जिनशानलिंगला जा आणि तिथे दोन दिवस काढा. वेळ फुकट जात नाही.

चौथा दिवस जिनशानलिंग. हा हेबेई प्रांतात येतो. साडेदहा किलोमीटर लांबी, ६७ बुरूज. मला विचाराल तर संपूर्ण भिंतीवर चालण्यासाठी याहून चांगला भाग नाही. दुरुस्ती केलेला मधला भाग आणि तसाच सोडलेला शेवटचा भाग एकाच दिवसात, कुठे एकातून दुसऱ्यात गेलो कळू नये असा. पहाटे अंधारात टॉर्च लावून चढा, उगवतीला एखाद्या उंच बुरुजापाशी असा, कारण धारेवर धार, त्यावर बुरूज आणि खाली दरीत धुकं हे दृश्य आठनंतर विरतं. मग गर्दी येण्याआधी पूर्वेकडे चालायला लागा.

दोन गोष्टी इथे थांबून बघा. एक म्हणजे उभ्या चढांवर फांजीच्या आडव्या बांधलेल्या कमी उंचीच्या भिंती, एकाआड एक, प्रत्येकीत जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं. शत्रू भिंतीवर चढलाच तरी बुरुजापर्यंत पोचेस्तोवर त्याला प्रत्येक आडोसा जिंकत यावं लागे, आणि वरच्या शिपायाला मागे सरकत मारा करता येई. आपल्याकडच्या किल्ल्यांत दरवाजाशी जी वळणावळणाची अडवणूक दिसते, ती इथे चढावर केली आहे. दुसरी म्हणजे शिक्के मारलेल्या विटा. कुठल्या वर्षी, कुठल्या तुकडीने भाजल्या त्याची अक्षरं विटेच्या अंगावर आहेत. वान-ली बादशहाच्या पाचव्या, सहाव्या वर्षाच्या, म्हणजे १५७७–७८ च्या विटा सापडतात. हेतू सरळ आहे : वीट कच्ची निघाली तर कुणाला धरायचं ते ठाऊक असावं. आपल्याकडे रस्त्याच्या ठेकेदाराचं नाव डांबरात उमटवायला काय हरकत आहे, असं प्रत्येक गटातलं कुणीतरी इथे म्हणतंच.

भिंतीवर गावातल्या बायका पाणी, पुस्तकं, टोप्या विकत तुमच्याबरोबर बराच वेळ चालतील. त्रास मानू नका. घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर पहिल्यांदाच स्पष्ट नाही म्हणा. अर्धवट हसलात तर त्या चार बुरूज सोडणार नाहीत. त्यांची चाल मात्र बघून घ्या. पायात कापडी बूट, हातात पिशवी, आणि उतारावर तिरक्या चालीने उतरतात. ती तिरकी चाल उचला, गुडघा वाचतो.

पाचवा दिवस सिमाताई. पूर्वी जिनशानलिंगहून सरळ चालत सिमाताईला जाता यायचं आणि जुन्या वर्णनांत हाच ट्रेक सगळ्यात गाजलेला आहे. ती माहिती आता विसरा. सिमाताई २०१० मध्ये बंद झालं आणि २०१४ मध्ये पायथ्याच्या नव्या पर्यटन गावासह पुन्हा उघडलं. आता प्रवेश त्या गावातून, आगाऊ तिकिटाने. जिनशानलिंगच्या पूर्व टोकाला वाट अडवलेली आहे. म्हणून गाडीने वळसा घालून या. गाव नवंकोरं, जुन्यासारखं बांधलेलं. मला त्यात रस नाही, पण तुमच्यातल्या काहींना खरेदी करायची असेलच. भिंत मात्र अस्सल, अरुंद आणि खडी. वरचे बुरूज बंद आहेत. खुल्या भागाच्या टोकाला उभं राहून वरची धार बघितली की का बंद, ते सांगावं लागत नाही. अर्ध्या दिवसात हे उरकतं, संध्याकाळी बीजिंग.

गट सांभाळण्याबद्दल आता. चौदा हा आकडा भिंतीवर मोठा आहे. सात-सातचे दोन गट करा, प्रत्येकाला पुढे एक लीड, मागे एक टेल. टेलला असणारा माणूस गटातला सगळ्यात ताकदवान असावा, सगळ्यात गरीब स्वभावाचा नव्हे. मागे राहिलेल्याची सॅक घ्यायची वेळ त्याच्यावर येते. भिंतीवर वाट एकच असल्याने कुणी हरवणार नाही असं वाटतं. माणसं हरवतात ती बुरुजात. आत जायला एक दार, बाहेर पडायला दोन-तीन, छपरावर जिना, काही दारं खाली उतरणाऱ्या पायवाटेवर उघडणारी. पुढचा छपरावर फोटो काढत बसतो, मागचा खालून निघून जातो आणि मग दोघंही एकमेकांची वाट बघतात. म्हणून नियम ठेवा : दर तिसऱ्या बुरुजाच्या पलीकडच्या दाराबाहेर थांबायचं, डोकी मोजायची, मगच पुढे. आणि प्रत्येक दिवसाची भिंतीवरून खाली उतरण्याची ठिकाणं आदल्या रात्री नकाशावर सगळ्यांना दाखवा. पाय मुरगळला तर हेलिकॉप्टर येत नाही. जवळच्या उताराच्या वाटेपर्यंत तुम्हालाच न्यायचं आहे. ॲम्ब्युलन्स १२०, पोलीस ११०. विमा घेताना ट्रेकिंग त्यात धरलंय का, ते बारीक अक्षरांत वाचा.

विजा चमकायला लागल्या तर बुरुजाच्या छपरावरून आणि धारेवरच्या उघड्या भागातून ताबडतोब खाली. धुक्यात दिशा चुकली तर एक जुजबी खूण उपयोगी पडते : बहुतेक ठिकाणी उंच, चर्या असलेला कठडा बाहेरच्या म्हणजे शत्रूच्या बाजूला आणि सखल कठडा आतल्या बाजूला असतो.

नकाशाबाबत सावध. चीनमध्ये अधिकृत नकाशांचे अक्षांश-रेखांश मुद्दाम सरकवलेले असतात. तिथल्या एका पद्धतीच्या नकाशावर दुसऱ्या पद्धतीचा ट्रॅक टाकला तर तुम्ही भिंतीपासून काहीशे मीटर दूर, दरीत चालताना दिसता. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन ॲप आणि त्याच पद्धतीचा ट्रॅक, एवढंच वापरा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाहीत. घरच्यांना आधी सांगा, नाहीतर पहिल्याच रात्री पुण्यात घबराट. वॉकीटॉकी नेऊ नका, परवान्याची भानगड आहे, शिट्ट्या न्या. पैसे मोबाइलवरून देतात, अलीपेला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं. तरी खेड्यांसाठी थोडे रोख युआन जवळ असू द्या. गाडी चालकासहच घ्या, आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीनमध्ये चालत नाही.

मुक्काम गावातल्या घरगुती खाणावळीवजा घरांत, त्यांना तिथे नोंगज्यायुआन म्हणतात. अंगण, चार-सहा खोल्या, मालकीणच स्वयंपाक करते. परदेशी पाहुण्याची पोलिसांत २४ तासांच्या आत नोंद व्हावी लागते. हॉटेल ते आपोआप करतं, घरगुती ठिकाणी तुम्हाला बघावं लागतं. सगळीच घरं परदेशी माणसं ठेवायला तयार नसतात, म्हणून हे ठरवतानाच विचारा.

शाकाहाराचं लोक उगाच भय घेतात. अंडं चालत असेल त्यांना टोमॅटो-अंडं, बाकी बटाट्याचा परतलेला कीस, वांगं-बटाटा-मिरचीची भाजी, टोफू, पालेभाज्या, कढईतली जाड पोळी, बाजरीच्या जातीच्या धान्याची पातळ पेज, इतकं प्रत्येक घरी मिळतं. अडचण दोन ठिकाणी : भाजीत चवीला टाकलेला मांसाचा खिमा, ज्याला ते मांस धरत नाहीत, आणि डुकराची चरबी. ‘मांस नको, खिमा नको, प्राण्यांची चरबी नको, वनस्पती तेलात करा’ असं चिनीत लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं. जैन ताईंसाठी एक सोय आहे. चिनी बौद्ध भिक्षूंच्या जेवणात कांदा-लसूण चालत नाही, त्यामुळे ‘बौद्ध पद्धतीचं शाकाहारी’ म्हटलं की कांदा-लसणाचा मुद्दा लगेच समजतो. कंदमुळांचं मात्र वेगळं लिहा. दुपारचं जेवण भिंतीवर मिळत नाही. ठेपले, शेंगदाण्याचे लाडू, खजूर इथून न्या. पाणी माणशी तीन लिटर. भिंतीवर झरा नाही, टाकं नाही, आणि रोजच्या वाटेवर शौचालय फक्त दोन्ही टोकांना असतं असं धरून चाला.

तुमच्याकडे सहावा दिवस असेल तर बीजिंगमध्ये मॉलमध्ये घालवू नका. हायस्पीड रेल्वेने शिच्याच्वांगला जा, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. तिथल्या हुतात्मा स्मारकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, याच हेबेई प्रांतात वारले. तिथे मराठीत बोलणारी चौदा माणसं दिसली तर कर्मचारी आपणहून विचारपूस करतील अशी शक्यता आहे. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, तो तर रेल्वेलाही लागतो.

राहता राहिली दिवाळी. उत्तम काळ एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. जुलै-ऑगस्ट त्यांचा पावसाळा, तेव्हा नको. १ ते ७ ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी, त्या आठवड्यात मुतियान्यूला भिंत कमी आणि डोकी जास्त दिसतात. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येत असेल तर डोळे झाकून जा, पानं लाल-पिवळी असतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येत असेल तरी चालेल, पण पहाटे तापमान शून्याजवळ किंवा खाली, विटांवर दंव, आणि पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. मग तिसऱ्या दिवशी सातऐवजी उजाडताच निघा, प्रत्येकाकडे हातमोजे, कानटोपी आणि टॉर्च, आणि दुपारी दीडपर्यंत चोवीस खिडक्यांच्या बुरुजाखालची उतरण पार झाली नसेल तर जिनशानलिंगची चढण सोडून तिथूनच गावात उतरा. गाडी त्या गावात बोलावता येते. व्हिसाचे नियम आणि थेट विमानं यांत अलीकडे बरेच बदल झालेत, म्हणून तिकीट काढण्याआधी मुंबईच्या व्हिसा केंद्रात गटासाठी कुठला प्रकार लागेल ते विचारा आणि मगच सुट्टीचे अर्ज टाका.